विषय : गच्चीवर आणि पार्किंगच्या पत्र्यावर गारा साचल्यास घ्यायची काळजी

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था, पाथर्डी फाटा, नाशिक

स.न.वि.वि.

काका, गेल्या गारपिटीतला एक प्रसंग अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पाऊस थांबताच आपले वॉचमन काका फावडं घेऊन पार्किंगच्या पत्र्यावर चढले. पायात रबरी चप्पल, गारांचा थर घोट्यापर्यंत. दोन पावलं टाकली आणि पत्रा कडकन तडकला. दुसरा पाय खालच्या लोखंडी अँगलवर होता म्हणून ते वाचले. आणि आम्ही खाली उभे राहून "तिकडच्याही ओढा" म्हणून ओरडत होतो. मीही त्यात होते.

माझी पहिली मागणी हीच, की यापुढे पत्र्यावर कोणालाही चढवायचं नाही. सिमेंटचा किंवा प्लास्टिकचा पत्रा माणसाचं वजन पेलायला केलेला नसतो, ओला असताना तर पायही ठरत नाही. आपल्याकडे गारा काही तासांत आपोआप विरघळतात. तोवर शेडला दोरी बांधून रस्ता बंद करावा. पत्रा वाकलेला दिसला तर गाडी काढायलाही कोणी खाली जाऊ नये.

माझी मुलगी मिनियापोलिसला असते. तिथे घराच्या उबेने छपरावरचा बर्फ वितळतो, ते पाणी थंड वळचणीला येऊन पुन्हा गोठतं आणि बांधासारखं मागचं पाणी अडवतं. मग ते कौलांखालून घरात शिरतं. तिथली माणसंसुद्धा छपरावर चढत नाहीत, जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने बर्फ ओढतात. आपल्या गच्चीवर तसं गोठत नाही, पण पाणी अडतं तसंच. गारा, पिंपळाची पानं आणि कबुतरांची पिसं मिळून पाईपच्या तोंडाशी बूच बसतं. आपली गच्ची साधारण ३०० चौरस मीटरची. तिच्यावर नुसतं १० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तरी ते ३० टन भरतं. स्लॅब एक वेळ तग धरेल, पण जिन्याच्या उंबऱ्यावरून पाणी लिफ्टच्या मशिन रूममध्ये गेलं तर? मागच्या वेळी ते चार बोटं खाली होतं, मी स्वतः पाहिलंय.

म्हणून गच्ची खरवडत बसायची गरज नाही, फक्त पाईपची तोंडं मोकळी करायची. तेही शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास थांबून, दोघांनी मिळून, पकड असलेले बूट घालून, कठड्यावर न वाकता. हत्यार म्हणजे प्लास्टिकचं सुपडं आणि खराटा. पहार नको, तिच्या एका घावाने कोब्याला चीर पडते आणि पावसाळाभर माझ्या छताला ओल येते. ग्रुपवर कोणी मीठ टाकायचं सुचवलं होतं, तेही कृपया करू नये. मिठाचं पाणी स्लॅबमध्ये मुरलं की आतल्या सळ्या गंजतात. मशिन रूमपाशी पाणी दिसलं तर लिफ्ट आधी बंद करावी.

गारपीट फेब्रुवारी-मार्चचीच, असंही आता धरून चालता येत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडकडच्या द्राक्षबागा गारांनी झोडपल्या, तेव्हा थंडीसुद्धा नीट पडली नव्हती. पाईपच्या सपाट जाळ्या काढून घुमटासारख्या उभ्या जाळ्या बसवाव्यात. पानं तळाशी अडकली तरी वरून पाणी जात राहतं. मासिक सभेत एवढा खर्च मंजूर करावा. तोवर येत्या रविवारी सकाळी आठला मी गच्चीची चारही तोंडं साफ करायला येणार आहे, सोबत आणखी एक जण हवा. चावी वॉचमन काकांकडे ठेवायला सांगावं.

कळावे,
आपली नम्र,
बी विंग, सर्वांत वरचा मजला