ऑपरेशनच्या अलीकडचे आणि पलीकडचे पैसे

सोलापूर,
गड्डा यात्रेचा रविवार

प्रिय मालक,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या पोरांनी एवढे पैसे जमवले, मग किती बाळांची ऑपरेशनं केलीत?" तेव्हा तासाची घंटा झाली होती, उत्तर राहून गेलं. आज निवांत बसून लिहितो. उत्तर असं की, एकाचंही नाही. हृदयदोष असलेल्या बाळांसाठी माझ्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या फंडातून आजवर एकाही ऑपरेशनचं बिल भरलेलं नाही, आणि ते आम्ही मुद्दाम ठरवलेलं आहे. हे नीट सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

जन्मजात हृदयदोषाला आपल्याकडे सरसकट "हृदयाला भोक" म्हणतात. शंभर बाळांमागे साधारण एक बाळ असं जन्माला येतं. गर्भाचं हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडतं, म्हणजे पुष्कळदा बाईला दिवस गेल्याची खात्री होते न होते तोवर. त्यातच कुठे दोन कप्प्यांमधला पडदा पुरता मिटत नाही, कुठे झडप अरुंद राहते, कुठे जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडीच राहते. बारीक छिद्रं कधी कधी आपोआप बुजतात. मोठं असेल तर फुप्फुसांकडे जादा रक्त धावतं, तिथला दाब वाढत जातो, आणि तो एका हद्दीपलीकडे गेला की ऑपरेशन करायचीही सोय राहत नाही. म्हणजे वेळेत झालं तर पोर शाळेत पळतं, खेळतं. उशीर झाला तर डॉक्टरही हात टेकतात.

आम्हाला हे कळलं ते पूर्व भागातल्या एका घरात. अशोक चौकाच्या मागच्या बोळात पत्र्याची खोली. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळणारी. आम्ही गेलो तेव्हा तिनं तेंदूच्या पानांचं सूप बाजूला सरकवलं आणि बाळाला पदराखाली घेतलं. थंडीतली सकाळ, मी स्वेटर घातलेला, आणि त्या बाळाच्या कपाळावर घामाचे थेंब उभे. चार घोट घ्यायचं, सोडायचं, धापा टाकायचं, परत तोंड लावायचं. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. आई म्हणाली, "असंच करतंय बघा सर. पितंय, मधीच दमतंय, झोपतंय. वजनच धरंना झालंय." दारातून सासूनं ऐकवलं, "गिराणात हिनं विळी हातात घेतली हुती."

आमच्या गटातली एक विद्यार्थिनी त्याच भागातली, पद्मशाली समाजाची. ती सरळ सासूशेजारी जाऊन बसली आणि तिच्याशी तेलुगूत बोलायला लागली. काय बोलली ते मला शब्दशः कळलं नाही, पण म्हातारीचा आवाज हळूहळू खाली आला. बाहेर पडल्यावर तिनं सांगितलं, "सर, मी म्हटलं, डॉक्टरांना बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही. कधी गरोदरपणातला रुबेला किंवा आईची साखर, कधी नात्यातलं लग्न, कधी एखादं औषध, यानं धोका वाढतो. ग्रहणाचा नि विळीचा काही संबंध नाही." तिचं हे बोलणं मला आमच्या सगळ्या पोस्टरांपेक्षा मोलाचं वाटतं. त्या आईच्या मनावरचं ओझं पैशानं उतरणारं नव्हतंच.

आता मूळ मुद्दा. त्या बाळाचा दोष आम्ही शोधून काढला नव्हता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन पोरं तपासतात. त्या पथकातल्या डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आली होती, त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला चिठ्ठीही दिली होती. ती चिठ्ठी घरात ज्वारीच्या डब्यात पडून होती. का, तर दवाखान्यात जायचं म्हणजे दोघांचीही मजुरी बुडणार, आणि हृदयाचं म्हणजे लाखांत जाणार, मग कळून तरी काय करायचं?

लाखांची भीती खरं तर बऱ्याच घरांसाठी उरलेली नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ च्या जुलैमध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपलं सोलापूर होतं. पिवळ्या-केशरी कार्डावर अशा ऑपरेशनांचा खर्च तीत बसतो. खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे, तिथं मुलांच्या हृदयाचं काम होतं आणि कुणाकडूनही पैसे घेत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या, हाही नियम आहे. ऑपरेशन टेबलावरचा पैसा मिळवायच्या वाटा आहेत. घरं कोलमडतात ती टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे.

तूच हिशेब कर. लहान बाळाच्या ओपन हार्टसाठी आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांना पुणे किंवा मुंबई गाठावी लागली. आई-बाप दोघं जाणार. थोरलं पोर कुणाकडे ठेवणार? बाळ आयसीयूत असताना बापानं झोपायचं कुठं, जेवायचं काय? विडीची मजुरी दर हजार विड्यांवर. हात थांबला की आवक थांबली. एका घरानं हातात आलेली ऑपरेशनची तारीख सोडून दिली. कारण विचारलं तर नवरा खाली बघत म्हणाला, "चार खाडे झाले की मालक माग दुसऱ्याला देतोय." बाळाच्या जिवापुढे कामाचं काय, असं आपण पोट भरलेली माणसं चटकन म्हणतो. त्याच्यापुढे दुसऱ्या दोन लेकरांची ताटं होती.

आणि ऑपरेशननंतरचं कुणी धरतच नाही. योजनेत डिस्चार्जनंतरची तपासणी-औषधं १० दिवसांपर्यंत, आणि पेशंटचं घरी परतायचं एसटी किंवा रेल्वेचं भाडं. पुढे कित्येक महिने परत परत दाखवायला जायचं असतं, लघवी वाढवणारं औषध वजनाप्रमाणे मोजून द्यायचं असतं. छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण सहा आठवडे, बाळाला बगलेत हात घालून उचलायचं नाही. मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घालून आडवंच उचलायचं. म्हणजे तेवढे दिवस आईला बाळावर डोळा ठेवून बसणं आलं. विड्या कोण वळणार?

म्हणून आमचा फंड याच पैशांचा आहे. पहिला इको लवकर व्हावा म्हणून, तारीख पक्की झाली की जाण्या-राहण्यासाठी, बुडालेल्या मजुरीसाठी, आणि नंतरच्या फेऱ्यांसाठी. रक्कम आईच्या खात्यात जाते. आणि एक विद्यार्थी त्या घराच्या पाठीशी उभा राहतो. यातलं शेवटचं काम सगळ्यात किचकट, बरं का. रेशनकार्डावर आडनाव एक, आधारवर स्पेलिंग दुसरं, जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही. तेलुगू आडनावांची तर प्रत्येक कागदावर वेगळी तऱ्हा. पोरं महापालिकेत, सेतूत रांगा लावतात, झेरॉक्सचे तीन संच करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात. तेवढ्यानं योजनेच्या मंजुरीतले किती हेलपाटे वाचतात, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, विचार.

पैसे जमवणं मात्र याच्यामुळेच अवघड झालं. ऑपरेशन म्हटलं की माणूस खिशात हात घालतो. तिकिटाला आणि बुडालेल्या मजुरीला म्हटलं की हात बाहेर काढतो. पोरांनी आधी धर्मादाय कार्यालयाला रीतसर कळवलं, पावतीपुस्तकं छापली, आणि हॉस्टेलपासून सुरुवात केली. महिन्याला वीस रुपये, ज्याला जमेल त्यानं. एका गणेश मंडळानं डॉल्बीचे पैसे आम्हाला दिले. दोन कारखानदारांनी सेकंडचे टॉवेल दिले, ते पोरांनी यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर विकले. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आलेली, पांढऱ्या बाराबंदीतली माणसंही टॉवेल घेऊन सुटे पैसे डब्यात टाकून गेली.

यातच एका मोठ्या व्यापाऱ्यानं चांगली दणदणीत रक्कम देऊ केली. अट एकच, स्टेजवर बाळाला आईच्या कडेवर आणायचं, चेक हातात देतानाचा फोटो काढायचा, आणि तोच फ्लेक्सवर लावायचा. माणूस वाईट नव्हता, इतरांनाही द्यावंसं वाटेल, असं त्याचं म्हणणं. पोरांची त्या रात्री बरीच वादावादी झाली. एक गट म्हणाला, एका फोटोनं दहा घरं सावरत असतील तर काय हरकत आहे? तेव्हा तीच पद्मशाली मुलगी म्हणाली, "ही पोर वीस वर्षांची झाल्यावर हिची सोयरीक जमवताना कुणीतरी हाच फोटो काढेल." मग कुणी काही बोललं नाही. रक्कम नाकारली. मी पोरांच्या बाजूनं होतो आणि अजूनही आहे. मदत घेतली म्हणून गरिबानं आपल्या लेकराचं आजारपण चौकात टांगायला द्यायचं, हे मला पटत नाही, पटणारही नाही. मुलींच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. मुलगी असली की आधीच घरात "बघू पुढं" सुरू होतं. त्यात बोभाटा झाला तर आई-बाप दवाखान्याचं तोंडच टाळतील.

फोटोऐवजी पोरांनी सूचनाफलकावर दर महिन्याचा हिशेब लावायला सुरुवात केली. नाव नाही, फक्त खर्च: रेल्वे, खोली, औषध, मजुरी. त्या व्यापाऱ्याच्या मुनिमानं तो हिशेब उभ्याउभ्या वाचला आणि स्वतःचे पाचशे रुपये देऊन गेला.

भैय्या चौकातून जाताना आता पोरं कोटणीस स्मारकाकडे बोट दाखवतात. १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यासाठी देशभर लोकांनी वर्गणी दिली होती, आणि त्या पाचांत आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. वर्गणीवर माणसं समुद्रापार पाठवता येतात, तर एक आई पुण्यापर्यंत नक्की पोचवता येईल, असं माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं. मला त्यांचा अभिमान आहे, हे तुला नाही तर कुणाला सांगू?

आता तुझ्याकडे मागणं आहे, आणि ते पैशाचं नाही. पुण्यात आमच्या घरांची सगळ्यात मोठी अडचण होते ती रक्तदात्यांची. ऑपरेशनआधी रक्तपेढी म्हणते, बदली दाते आणा. सोलापूरहून गेलेल्या नवरा-बायकोनं ओळखीपाळखीविना तिथं चार माणसं कुठून उभी करायची? तुझ्या कंपनीत इतकी तरणी पोरं आहेत. रक्तगटासकट एक यादी करून दे. गरज लागेल तेव्हा आम्ही आदल्या दिवशी फोन करू. दुसरं, तुमच्या सोसायटीत कुणाची बंद खोली असेल तर आठवडा-पंधरवडा मिळेल का, विचार. भाडं फंडातून देऊ, फुकट नको. घर स्वच्छ असावं आणि जिना कमी असावा, बाळ नुकतंच टाके घालून आलेलं असतं. तिसरं, हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी पुण्यात पोचते, तेव्हा कुणीतरी स्टेशनवर उभं असावं. पहिल्यांदाच पुणं बघणारी माणसं असतात ही, रिक्षावाल्याला दवाखान्याचं नावही धड सांगता येत नाही. वहिनींची शाळा दुपारची आहे ना? त्यांना विचारून बघ, पण गळ घालू नकोस.

अशोक चौकातल्या त्या बाळाची तारीख फेब्रुवारीत आहे. त्यांच्या निघण्याचा दिवस ठरला की कळवतो. तोवर यादीचं बघ. शेंगाचटणी त्यांच्याबरोबरच पाठवतो.

तुझा,
मास्तर