वाड्याचे खांब विकण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, वाड्याचे खांब विकण्याचा विषय काढला की तुमचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं, म्हणून हे पत्र. पत्राला काही नेटवर्क लागत नाही.

लंडनमधल्या ग्रीनिचचा फोटो पाहून आईनं विचारलं होतं, "हे तुयं कॉलेज हाये का राजवाडा?" आई, तुझं फार चुकलं नाही. इथं आधी राजवाडाच होता, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १४९१ साली तिथंच जन्मला. पुढं राजवाडा मोडकळीस आला. १६९४ मध्ये मेरी राणीच्या पुढाकारानं ती जागा म्हाताऱ्या, जायबंदी खलाशांच्या आश्रयाला मिळाली. नकाशा वास्तुकार ख्रिस्तोफर रेनचा. राणीचा हट्ट एकच, मागच्या राणीच्या घरातून (क्वीन्स हाउस) नदी दिसली पाहिजे. म्हणून इमारतीचे दोन भाग आणि मधून थेम्सपर्यंत मोकळी जागा. आपल्याकडे घराचे दोन भाग भावकीच करते.

१७०५ मध्ये पहिले खलाशी राहायला आले. त्यांच्या जेवणाच्या दालनाचं छत आणि भिंती रंगवायला थॉर्नहिल नावाच्या चित्रकाराला १९ वर्षं लागली, आणि ते इतकं देखणं झालं की म्हाताऱ्यांची पंगत खाली तळघरात गेली! दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला तिथं पिवळा कोट घालून फिरावं लागे. हा नियम आपल्या गावात असता तर पोळ्याच्या करीला अर्धं गाव पिवळं दिसलं असतं.

खलाशी कमी होत गेले, १८६९ मध्ये आश्रय बंद पडला. चार वर्षांनी तिथं नौदलाच्या अधिकाऱ्यांचं कॉलेज आलं. बाबा, तुम्हाला खोटं वाटेल, पण १९६२ ते १९९६ एका इमारतीत छोटी अणुभट्टी चालत होती, अणुपाणबुड्यांवर जाणाऱ्यांना शिकवायला. शेवटी १९९८ मध्ये नौदलही गेलं. आता आमचं विद्यापीठ आहे, शेजारी संगीताचं कॉलेज. माझा तास चालू असताना समोरच्या खिडकीत कोणी तरी तुतारीसारखं वाद्य घेऊन तीच ओळ वीसदा वाजवतं.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे पैसा आहे. खरंच आहे. पण आपल्या वाड्यानंही काय कमी सोंगं घेतली? आजोबांच्या वेळी माजघरात छतापर्यंत कापूस, मग सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बालवाडी, आता तुराट्या आणि सोयाबीनची पोती. पावसाळ्यात गळतो, हे मान्य. पण सागवानाचे खांब एकदा गेले की उरतात फक्त मातीच्या भिंती, त्या दोन पावसाळ्यांत वावरात मिसळतील.

दादा सांगत होता, गावातली पोलीस भरतीची पोरं रात्री मंदिराच्या ओट्यावर बसून अभ्यास करतात. सपरी त्यांना द्या. दिवे, टेबल आणि कौलं बदलायचा खर्च मी पाठवते. पोती मागच्या खोलीत जातील.

खांबाच्या सौद्याला दिवाळीपर्यंत थांबा म्हणा, मी येतेच आहे. आणि आई, बंगई, आपला तो झोपाळा, आधीच विकून टाकली असेल तर फोनवर सांग, बाबा नसताना.

तुमची,
ताई