नवीन स्प्लिट एसीचं चुकीचं फिटिंग आणि काम न करताच बंद केलेली तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी नागपूरला राहतो, बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. वर उघडा स्लॅब आणि बेडरूमला पश्चिमेची भिंत, त्यामुळे संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. इतकी वर्षं कूलरवर भागवलं पण आई आता ७६ वर्षांची आहे, तिला दमा आहे आणि कूलरच्या ओल्या हवेने रात्रभर खोकते, म्हणून यंदा एसी घ्यायचं ठरवलं.

घाईत घेतला नाही हो. खोली १४ बाय १०, दुकानदार म्हणाला एक टन पुरेल, पण वर स्लॅब तापतो म्हणून मी दीड टनच घेतला, फाइव्ह स्टार इन्व्हर्टर, कॉपर कॉइल. मशीनबद्दल माझी अजूनही तक्रार नाही. पहिले चार-पाच दिवस मस्त चालला, आई कितीतरी दिवसांनी सलग झोपली.

तक्रार आहे ती तुमच्या माणसांनी केलेल्या फिटिंगची. दोन मुलं आली, त्यांच्याकडे पाईपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्युम पंपच नव्हता. पाईप जोडले, बाहेरच्या युनिटचा वॉल्व्ह जरासा उघडला, फुस्स करून गॅस सोडला आणि म्हणाले हवा निघाली. मी विचारलं व्हॅक्युम नाही करणार का, तर म्हणे नवीन मशीनला लागत नाही. तुमच्याच बॉक्समधल्या मॅन्युअलमध्ये व्हॅक्युम करायला सांगितलंय, चित्रासकट! पाईपात हवा आणि ओलावा राहिला तर कूलिंग कमी होतं आणि पुढे कॉम्प्रेसरची वाट लागते. आणि हा आर ३२ गॅस आहे, पेट घेऊ शकतो, तो असा सोडून द्यायचा? कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी देता आणि पहिल्याच दिवशी त्याचं आयुष्य कमी करून जाता, हे मला पटत नाही.

भिंतीचं भोकही बाहेर उताराचं पाहिजे होतं, ते आत उताराचं पाडलं. ड्रेन पाईप तर आधी वर चढवून मग खाली सोडलाय, पाणी चढणार कसं? दुसऱ्याच आठवड्यात आतल्या युनिटमधून आईच्या पलंगावर थेंब पडायला लागले, आता उशाशी स्टीलचं पातेलं ठेवलंय. शिवाय बॉक्ससोबत तीन मीटर पाईप येतो, त्यावर दोन मीटर जास्त लागला म्हणून पैसे घेतले, मी टेपने मोजलं तर जास्तीचा एक मीटरसुद्धा भरत नाही.

बाराव्या दिवशी कूलिंग गेलं. २४ वर लावला तरी खोलीत ३२, आणि बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाईपवर पांढरा बर्फ. तक्रार केल्यावर एक जण आला, बघून म्हणाला गॅस संपलाय, भरायचे पैसे लागतील, फिटिंगमधला लीक वॉरंटीत येत नाही. अहो फिटिंग कोणी केलं? गॅस काही पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. तो गेल्यावर मी साबणाचा फेस करून नटांवर लावला, बाहेरच्या युनिटच्या फ्लेअर नटवर, म्हणजे पाईपचं पसरवलेलं तोंड (फ्लेअर) जिथे आवळतात तिथे, एकामागून एक बुडबुडे यायला लागले, व्हिडिओ काढून ठेवलाय. आणि त्या माणसाने जाताना 'व्हिजिटची नोंद' म्हणून ओटीपी मागून घेतला, तासाभरात मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पारा ४४ वर, आई परत हॉलमध्ये कूलरसमोर खोकत बसलेली आणि तुमच्या कॉम्प्युटरवर आमचं काम झालेलं!

मला नवीन मशीन नको. पाईपचं फ्लेअर नव्याने करून जॉइंट नीट करा, व्हॅक्युम करा, वजन करून पूर्ण गॅस भरा, भोक आणि ड्रेनचा उतार सुधारा, हे सगळं एक पैसा न घेता. जास्त घेतलेले पाईपचे पैसे परत करा आणि बंद केलेली तक्रार त्याच नंबरवर परत उघडा. चार दिवसांत कोणी आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार देणार आणि लागलं तर ग्राहक आयोगात जाणार, बिल, फोटो, व्हिडिओ सगळं तयार आहे.

माणूस पाठवाल तेव्हा व्हॅक्युम पंप, गेज आणि वजनकाटा घेऊनच पाठवा. काम पूर्ण होऊन खोली थंड झाल्याशिवाय यावेळी ओटीपी मिळणार नाही.

आपला ग्राहक,
नागपूर