गणवेश असू द्या, दुकान आमचे आम्ही शोधू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत गणवेश सक्तीचा असावा का, यावर आपल्या अंकात वाचकांची पत्रे येत आहेत. गणवेशाने मुलांत समानता येते, असे काहींचे म्हणणे. मुलांचे स्वातंत्र्य जाते, असे इतरांचे. मी कोपरखैरण्यात शिवणकाम करते. जून-जुलैत माझ्या मशीनवर गणवेशांशिवाय दुसरे काही नसते. तेव्हा यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण रोज शिवण उसवणाऱ्याला जे दिसते ते या पत्रांत कुठे आले नाही, म्हणून लिहायला बसले.

गणवेश असावाच. आमच्याकडे माथाडी कामगारांची, रिक्षावाल्यांची, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत जाणाऱ्यांची बरीच घरे आहेत. रोज शाळेत काय घालायचे, यावरून या घरांत सकाळी सकाळी रडारड झालेली कुणाला परवडणार? आठवी-नववीच्या मुलींचे तर विचारूच नका. गणवेशामुळे आयांची ही एक कटकट वाचते, एवढे कारण मला पुरते. समानतेचे मात्र पटत नाही. एकाच जोडावर वर्ष काढणाऱ्या पोराचा शर्ट दिवाळीपर्यंत कॉलरला विरतो, तीन जोड असलेल्याचा नवाच्या नवा राहतो. कोण कुठल्या घरातले, हे पोरांना गणवेशावरूनच बरोबर कळते.

माझी तक्रार आहे ती गणवेश ज्या पद्धतीने विकला जातो तिच्याविषयी. पूर्वी शिंपी पँटच्या पायाला तीन-चार बोटे माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवायचा, कंबरेला मागे थोडी ठेवायचा. पोर वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची, कडक इस्त्री फिरवायची, की आणखी एक वर्ष निघायचे. आता शाळेने सांगितलेल्या दुकानातली तयार पँट उलटी करून बघा. पायाला जेमतेम बोटभर दुमड असते आणि कडेचे कापड ओव्हरलॉकच्या मशीनने शिवणीलगत छाटलेले. 'ताई, जरा लांब करून द्या ना,' म्हणत आया येतात. कुठून करू? खाली जोड लावावा, तर त्या चौकडीचे कापड बाजारात मिळत नाही, कारण ती चौकडी त्याच शाळेसाठी काढलेली असते. खिशावर शाळेचे चिन्ह, कॉलरला वेगळ्या रंगाची पायपिंग, मोज्यांवरही शाळेचे नाव. बरे, कापड तरी चांगले म्हणावे, तर त्यात पॉलिस्टरच जास्त. एप्रिलातल्या आपल्या दमट उकाड्यात पोरांची पाठ घामोळ्यांनी भरते. वर गळ्याला टाय. ती कशासाठी, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

शाळांनी ठरावीक दुकानाची सक्ती करू नये, असे शिक्षण विभागाचे आदेश आहेत. पण लेखी सक्ती कोण करतो? नमुनाच असा ठरवायचा की तो दुसरीकडे मिळू नये, म्हणजे आदेशही मोडत नाही आणि धंदाही बुडत नाही. इंग्लंडमध्ये या खर्चापायी २०२१ साली कायदा करावा लागला, हे मुलीने मला मोबाइलवर काढून दाखवले. नाव-चिन्हाचे कपडे कमीत कमी ठेवावेत, बाकीचे कुठल्याही दुकानात मिळतील असे साधे असावेत, अशा सूचना तिथल्या शाळांना आहेत. म्हणजे हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही.

सरकारनेही वेगळे काही केले नाही. सरकारी शाळांत 'समग्र शिक्षा' योजनेतून दोन गणवेशांसाठी मुलामागे वर्षाला ६०० रुपये, म्हणजे एकाला ३००, त्यातच कापड आणि शिलाई. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना आली. कापडाची खरेदी एका ठिकाणाहून आणि शिलाई महिला बचत गटांकडे. बायकांना काम मिळणार म्हणून मला आनंदच झाला होता. पण एका गणवेशाच्या शिलाईला साधारण शंभर रुपये! त्यात दोरा आपला, वीज आपली, काजे-बटणे बाहेरून करून आणायची. हातात काय उरते, ते कुठल्याही शिंप्याला विचारा. पोराला समोर उभे करून माप घ्यायचे सोडून साच्यातली मापे वापरली, तर दुसरे काय होणार? चौथीच्या एका वर्गात माझ्या कमरेला लागणारे पोर असते आणि खांद्याला लागणारेही असते. गणवेश उशिरा पोचले, कुठे आखूड, कुठे ढगळ निघाले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. बरे झाले. समितीने गावातल्या किंवा वस्तीतल्या शिंप्याला शाळेत बोलवावे, त्याने टेप लावून मापे घ्यावीत, तासाभरात वर्ग होतो.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलांना गणवेश मोफत द्यायचा, असा नियम आहे. त्याबद्दल त्यांच्या पालकांना विचारलेलेच बरे.

आता एक गोष्ट जिच्यावर कुणी पुरुष वाचक लिहिणार नाही. बऱ्याच शाळांत पीटीच्या दिवशी पांढरा गणवेश असतो. मोठ्या मुलींनाही पांढरी सलवार किंवा पांढरी ट्रॅकपँट. पाळीच्या दिवसांत पांढरे घालून कवायत करायची, या धास्तीने मुली त्या दिवशी 'पोट दुखते' सांगून घरी राहतात. आया माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, आतून दुहेरी कापड लावता येईल का? लावून देते मी, पण त्या उकाड्यात दुहेरी कापड घालून मुलीने धावायचे कसे? चेंबूरच्या एका कॉलेजातल्या हिजाबबंदीचा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलींच्या डोक्यावर काय असावे, याची एवढी चर्चा होते. पांढऱ्या सलवारीसाठी साधी पालकसभासुद्धा होत नाही. गडद निळी पँट चालेल, एवढे एका ओळीचे पत्रक काढायला शाळेला खर्च काय येतो?

माझे म्हणणे एवढेच की शाळेने रंग ठरवावा, साधा नमुना ठरवावा आणि चिन्हाचा कापडी पॅच सुटा विकावा. तो शर्टावर टाचायला पाच मिनिटे लागतात. कापड कुठून घ्यायचे, कुणाकडून शिवायचे, मोठ्या भावाचा धाकट्याला घालायचा का, हे पालक बघतील. खासगी शाळांत फी ठरवताना २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची संमती लागते. मग गणवेश बदलताना का नको? दर दोन-तीन वर्षांनी नमुना बदलला की धाकट्यासाठी जपून ठेवलेले सगळे कपडे वाया जातात. आणि जे ठरेल ते एप्रिलातच, सुट्टी लागायच्या आधी, रंगाच्या तुकड्यासकट शाळेच्या फलकावर लावावे. जूनमध्ये सांगून उपयोग नाही. तोवर दुकानात गठ्ठे येऊन पडलेले असतात.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई