कार्बोरेटर बदलला, टायमिंगचं काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर गाडी कुरकुरत असेल तर बाजारातला नवा कार्बोरेटर बसवा, मायलेज परत मिळेल, असा सल्ला त्यात आहे. तो अर्धवट आहे, आणि त्यापायी इंदुरात लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहते. आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेली १९८४ची अँबेसडर मार्क ४ आहे, १४८९ सीसीचं जुनंच इंजिन. नोकरी सगळी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही सवय. घरचे तिला खोड म्हणतात.

आधी मायलेज. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे टाकीत सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी पडते. ती कुठला कार्बोरेटर कुठून आणणार? खरी अडचण वेगळी आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. जेटचं (कार्बोरेटरात पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचं) भोक तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, गाडी सकाळी खोकते आणि भेरूघाटाच्या चढावर दम टाकते. (इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथल्या विरळ हवेनं मिश्रण किंचित घट्ट होतं खरं, पण तेवढ्यानं भागत नाही.) मेन जेट जरा मोठा घालायचा, फ्लोटची सुई आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्यायच्या. हे जुन्या कार्बोरेटरमध्येही होतं.

तरी कुणाला नवाच बसवायचा असेल तर खुशाल बसवावा. पण मग डेल्कोला, म्हणजे सिलिंडरांना वेळेवर ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला, हात लावल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. लेखात याबद्दल एक ओळही नाही. डेल्कोच्या व्हॅक्यूमची नळी मूळ कार्बोरेटरमध्ये बटरफ्लायच्या (पाय दिला की उघडणाऱ्या झडपेच्या) कडेच्या जरा वर उघडते; तिच्यातून हवेची ओढ लागली की ठिणगी लवकर पडते. स्लोवर (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) तिथे ओढ जवळजवळ नसते, पाय दिला की येते. बाजारातल्या काही कार्बोरेटरांत ही तोटी बटरफ्लायच्या खाली असते. मग स्लोवरच पूर्ण ओढ लागते, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे पळतं (ठिणगी लवकर पडते), रेस वाढते. मिस्त्री काय करतो? डेल्को मागे फिरवतो. स्लो छान बसतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण चढावर पाय पूर्ण दाबला की ओढ नाहीशी होते आणि ठिणगी उशिरा पडते. इंजिन तापतं, ताकद जाते, आणि दोष पेट्रोलला.

थोडा उशीर म्हणजे किती, तेही सांगते. ३००० आरपीएमला क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून डेल्कोला दिलेला एक अंश क्रँकवर दोन होतो. हाताच्या अंदाजानं जमणारं हे काम नाही. आधी पॉइंटची (डेल्कोत उघडून ठिणगी पाडणाऱ्या टोकांची) गॅप, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. मग व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, आणि स्लोवर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीच्या खाचेवर धरायचा. कार्बोरेटरचे स्क्रू त्यानंतर. आमच्या डेल्कोला बारीक फेरफारासाठी छोटी घुंडी आहे, तिच्या एका बाजूला ए (टायमिंग पुढे) आणि दुसऱ्या बाजूला आर (मागे). ती काय आहे हे नव्या मुलांना ठाऊकच नसतं.

जुन्या मिस्त्रींच्या कानाबद्दल मला आदरच आहे. इंजिनातली टणटण ऐकू येईपर्यंत टायमिंग पुढे, मग जरा मागे, ही त्यांची रीत जुन्या पेट्रोलवर चालून जायची. इथेनॉलचा ऑक्टेन (टणटण रोखायची ताकद) जास्त असल्यामुळे आता टायमिंग गरजेपेक्षा पुढे गेलं तरी टणटण येईलच असं नाही. कान इशारा कशाचा देणार?

पीयूसीचंही तेच. आमच्यासारख्या जुन्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड तिथे स्लोवर मोजतात, मर्यादा ३ टक्के. मिक्श्चरचा स्क्रू थोडा आत घेतला की कागद हातात. रस्त्यावर मेन जेट काय ओततो, हे सायलेन्सरात घातलेल्या त्या नळीला कळत नाही.

पुढच्या पुरवणीत कृपया हा क्रम छापावा. नंदानगरच्या शासकीय आयटीआयनंही सुट्टीच्या दिवशी जुन्या गाडीवाल्यांसाठी टायमिंग तपासून द्यायची सोय करावी. माफक शुल्क आम्ही आनंदानं भरू. आणि आपल्या वार्ताहरानं शहरातल्या कोणकोणत्या गॅरेजांत चालू स्थितीतला टायमिंग लाइट आहे, एवढं हिंडून पाहून छापलं, तर नव्या कार्बोरेटरच्या जाहिरातीपेक्षा ती यादी आम्हाला जास्त उपयोगी पडेल.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर