कुडाळच्या काकांना, ज्यांनी मला अँप विकला नाही

काकांनू, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "गप रव रे" म्हणून फोन ठेवणार हे माहीत आहे, म्हणून इथे लिहितोय. शिवाय चार लोकांनी वाचावं असंही वाटतंय, कारण होम थिएटर घ्यायला निघालेल्या माणसाला आजकाल कोण काय सांगेल याचा नेम नाही.

झालं काय ते तुम्हाला माहीतच आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका असलं सामान विकतात आणि घरी येऊन लावूनही देतात. वेंगुर्ल्याजवळ आमचं घर, मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात मागच्या परसात वीज कोसळली आणि डिशच्या केबलमधून जे काय आत आलं ते सेट टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआय, तिथून रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारा डबा, आवाजाला जोर देणारा अँप त्याच्या आतच असतो) असं सगळं चाटत गेलं. टीव्ही वाचला. रिसीव्हर चालू व्हायचा पण एचडीएमआयचं एकही पोर्ट धड नाही. म्हणजे नवीन घेणं आलं, आणि नवीन घ्यायचं म्हटल्यावर सुरू झाले सल्ले.

एका मोठ्या शहरातल्या चकाचक शोरूममध्ये गेलो होतो, नाव घेत नाही, एसी डेमो रूम, कॉफी वगैरे. त्या साहेबांनी घराचं माप विचारलं नाही, स्पीकर कुठले ते विचारलं नाही, थेट म्हणाले रिसीव्हरच्या आतल्या अँपला दम नसतो सर, पुढच्या तीन स्पीकरना २०० वॅटचा वेगळा पॉवर अँप लावाच, नाहीतर घेऊच नका. किंमत ऐकून मी जरा गप्प झालो तर म्हणे, "तसं गावाला एवढं काय करायचंय म्हणा." हे वाक्य मला अजून झोंबतं. आणखी एकाने फोनवर बॉक्सवरचे वॅट वाचून दाखवले, सगळ्या चॅनलची, म्हणजे एकेका स्पीकरच्या वाटच्या वॅटची, बेरीज करून, हजाराच्या वर. तो आकडा म्हणजे बांगडा दाखवून सुरमईचा भाव लावल्यातला प्रकार असतो हे तुम्ही नंतर सांगितलंत, एकच चॅनल चालवून, ६ ओमवर (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध), १ किलोहर्ट्झच्या एका सुरावर, १० टक्के आवाज फाटेपर्यंत मोजलेला. खरा आकडा बघायचा तो ८ ओमवर, दोन चॅनल एकदम चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, आणि तिथे तोच डबा ९०-१०० वॅटवर येतो, सगळे चॅनल एकदम ताणले तर अजून खाली, कारण आत पॉवर सप्लाय एकच. आणि हे सगळं सांगून झाल्यावर "तुका वॅट होयेत काय आवाज होयो?"

पण काका, मला खरं लिहायचंय ते वॅटबद्दल नाही. तुम्ही घरी आलात, चपला पायरीवर काढल्यात, मी तुम्हाला सोफ्याकडे नेत होतो आणि तुम्ही मध्येच थांबलात, खिडकीजवळ खाटेवर आई बसली होती तिला विचारलंत, "आये, तू खय बसान बघतंस?" ती म्हणाली हयच. मग तुम्ही तिथे, तिच्या बाजूला, खाटेवर बसलात. मी ऑप्टिकल वायरवर, म्हणजे फक्त आवाज नेणाऱ्या वेगळ्या वायरवर, जुना रिसीव्हर चालू करून दिला (ही युक्तीपण तुमचीच, एचडीएमआय गेलं तरी आतले अँप जिवंत होते) आणि मी माझा आवडता मारामारीचा सीन लावायला गेलो तर म्हणालात, नको, आई बघते ते लाव. मालिका लावली. तुम्ही बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग आईच बोलली, "माका गाणा ऐकाक येता, बोलणा कळना नाय."

वर्षं झाली ती हे म्हणत होती. आम्ही सगळे तिला म्हणायचो कान तपासून घे. आधी जो माणूस सिस्टीम बसवून गेला होता त्याने तर सेंटर, म्हणजे मधला, स्पीकर शोकेसच्या कप्प्यात पार आत ढकललेला, पुढे आईच्या औषधांचा डबा आणि गणपतीतला फोटो, आणि सेटिंगमध्ये सगळे स्पीकर लार्ज, म्हणजे बासही त्यांनीच वाजवायचा. सिनेमातलं, मालिकेतलं बोलणं बहुतेक सगळं सेंटरमधून येतं, तोच स्पीकर कोंडलेला. वर त्या बिचाऱ्या साडेचार इंची कोनवर तळाचा बासही लादलेला, बाजूला सबवूफर, खास बासचा स्पीकर, त्याच्या स्वतःच्या अँपसकट जवळजवळ बिनकामाचा. तुम्ही स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढलात, पुठ्ठ्याची घडी करून खाली घातलीत म्हणजे तोंड जरा वर आईच्या कानाकडे होईल, सगळे स्पीकर स्मॉल केलेत, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे, सेंटर तीन डेसिबल वर. त्याच जुन्या, वीज लागलेल्या रिसीव्हरवर. आई म्हणाली, "आता कळता." काका, तेव्हा तुमच्याकडे बघून मला बोलायला सुचेना.

मग तुमचा तो आवाज मोजायचा मीटर काढलात. आईच्या जागेवर बोलणं ६५ डेसिबलच्या आसपास, मी माझ्या मनासारखा आवाज वाढवला तरी धडाम-धुडूमला ९०. आणि बिलाच्या मागे पेन्सिलने हिशेब. स्पीकर ८७ डेसिबलचे, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८७, आम्ही तीन मीटरवर, तर साताठ डेसिबल वजा, जांभ्याच्या भिंती थोडा परत देतात ते धरून. म्हणजे एकाच वॅटला जवळजवळ ८०. ९० ला पोचायला दहा वॅट, शंभर वॅटला १००, आणि तेवढ्यात कौलं थरथरतील. शंभराचे दोनशे वॅट केले तर वाढणार किती, तर तीन डेसिबल, कानाला दुप्पट वाटायला लागतात दहा, म्हणजे दहापट वॅट. लाखभर रुपये त्या तीन डेसिबलसाठी. "ह्या नको तुका," असं म्हणालात आणि पेन्सिल कानावर.

तुमच्या दुकानात पॉवर अँप होता हो. मी बघितला होता. विकला असता तर मी आनंदाने घेतला असता आणि तुमचे गुण गायले असते, कारण एवढे पैसे घातल्यावर कुणालाही फरक ऐकू येतोच.

आणि अँप वाईट असंही तुम्ही कधी म्हणाला नाहीत, तेही लिहितो, नाहीतर लोक म्हणतील काका अँपच्या विरोधात आहेत. चार ओमचे (ओम कमी तर करंट जास्त ओढतात), ८३-८४ डेसिबलचे जड स्पीकर असतील, हॉल मोठा असेल, रिसीव्हर तापून, जळू नये म्हणून प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडत असेल, तर बाहेरचा अँप लावावा, रिसीव्हरचा भार हलका होतो. म्हणून रिसीव्हर घेताना एकच हट्ट धरलात, प्रीआऊट, म्हणजे बाहेरचा अँप जोडायची जागा, असलेला घे, स्वस्तातल्यात फक्त सबवूफरचं प्रीआऊट देतात, मग पुढे कधी वाटलं तरी अँप लावता येत नाही. ते ऐकून डेनॉनचा घेतला.

नवीन आल्यावर परत आलात ऑडिसीचा माईक लावायला (ऑडिसी म्हणजे खोलीतला आवाज मोजून स्पीकर जुळवून देणारी रिसीव्हरमधली सोय). त्या मोजणीत पहिली जागा महत्त्वाची, अंतरं आणि लेव्हल तिच्यावरून धरतात. सगळे सोफ्याच्या मधोमध लावतात, मीही तिथेच स्टँड उभा केला होता. तुम्ही तो उचललात आणि खाटेवर, आईच्या कानाच्या उंचीला. "पयली जागा आयेची. तू मगे." पंखे बंद, उकाडा मी म्हणतो, स्पीकर एकेक करून चूं चूं करतायत आणि आई तोंडावर पदर धरून बसली आहे, आवाज होऊ नये म्हणून. "पयली जागा आयेची" हे वाक्य मी घरात रोज कुणाला ना कुणाला सांगतो.

वाचलेल्या पैशातून तुम्ही जे करायला लावलंत ते वेगळंच. अर्थिंगचा खड्डा नव्याने, कोळसा-मीठ भरून, स्टॅबिलायझर, डिशच्या केबलला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा), आणि तरीही गडगडायला लागलं की केबल आणि प्लग दोन्ही काढायचे, वीज जवळ पडली तर अरेस्टरचा भरवसा धरायचा नाही. शोकेसची मागची फळी काढलीत, रिसीव्हरच्या वर वीतभर मोकळं. खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या स्पीकरच्या वायरची टोकं छाटून नवीन तांबं काढलंत, त्याचं बिलात काही लावलं नाहीत. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू ठेव, दमट राहत नाही आणि मुंग्या घर करत नाहीत, हेही.

असली माणसं कमी झालीत म्हणतात, मला तसं वाटत नाही. आहेत, पण ती रील बनवत नाहीत, त्यांच्या दुकानाला काचेचं दार नसतं आणि गिऱ्हाईक आल्यावर ती आधी दोन मिनिटं गप्प बसतात, तेवढ्यात गिऱ्हाईक निघून जातं. आमच्या बाजूला वायरमन, मोटार रिवाइंड करणारा, शिंपी, सगळ्यांत असा एकेक असतो, ज्याने "नको तुका" म्हणून परत पाठवलं की आपण उगीच नाराज होतो. त्या शोरूमच्या साहेबांनी एकदा अशा माणसाच्या शेजारी बसून बघावं, कॉफी मी पाजतो.

आता एक काम. माझा चुलत भाऊ मालवणला माडीवर थिएटर काढतोय, खोली पंचवीस फूट लांब, आणि कुणाच्या तरी नादाने चार ओमचे मोठे टॉवर आधीच घेऊन बसलाय. तुमच्या हिशेबाने त्याला अँप लागेलसं मला वाटतं, पण मी सांगितलं तर तो ऐकायचा नाही. तुमचा नंबर दिलाय. त्याची बायको कुठे बसते ते आधी विचारा, तिला आवाजच नकोय.