४८ तासांत केलेल्या गेमलाही नेमका अभिप्राय द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या गेम्सवरच लिहून येतं, म्हणून हे पत्र. गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, दोन-तीन दिवसांत केलेले छोटे स्टोरी गेम्स मी आवडीने खेळते, पण त्यांच्याबद्दल लोक काय बोलतात तर ‘एवढ्या कमी वेळात छान केलंय’ नाहीतर ‘बग्ज आहेत’, संपलं. बनवणाऱ्याला यातून काय कळणार?

मध्यंतरी असाच एक गेम खेळले. आपण रात्रपाळीचे टेलिफोन ऑपरेटर, कॉल जोडायचे, मधेमधे दोन-चार वाक्यं कानावर पडतात आणि त्यातूनच गोष्ट उलगडते. बॅकग्राउंड एकच, कॅरेक्टर एकही दिसत नाही, म्हणजे वेळ कुठे वाचवायचा हे बरोबर ओळखलेलं. मग अचानक स्वतःच्याच भावाचा कॉल येतो आणि स्क्रीनवर फक्त ‘होल्डवर ठेवा’ एवढंच बटण, दुसरा पर्यायच नाही, तिथे माझा हात खरंच थांबला. इतकं जमलेलं असताना शेवट मात्र काळ्या स्क्रीनवर तीन ओळींत गुंडाळलाय. भावाने फोन का केला ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण त्याची लाइन परत उचलायला तरी मिळायला हवी होती ना! गोष्ट सुरुवातीपासून क्रमाने बनवत गेलं की वेळ संपल्यावर कात्री शेवटालाच लागते, त्यामुळे पहिला आणि शेवटचा सीन आधी करून घ्यावा आणि काटछाट मधल्या भागात करावी असं मला मनापासून वाटतं. अजून एक, एकेक करून उमटणारी अक्षरं स्किप करता येत नाहीत, मग दुसरे पर्याय बघायला परत कोण खेळणार?

हे एवढं सांगायचं कारण, जॅम संपला तरी गेम पुढे वाढू शकतो. ‘सेलेस्ट’ आधी चार दिवसांत केलेला छोटासा गेम होता, मोठा होऊन २०१८ मध्ये आला. ‘बाबा इज यू’ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये पूर्ण रिलीज झाला. लुडम डेअर या जॅममध्ये तर भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून थीम, मूड, ऑडिओ यांना वेगवेगळे मार्क देतात.

तुमच्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी असा अर्ध्या तासात संपणारा गेम घ्या. स्टार नका देऊ, गोष्ट कुठे पकडते आणि कुठे सुटते तेवढं लिहा.

आपली,
एक नियमित वाचक